वाऱ्याविरुद्ध गेलेली हळद

अण्णा फोनवर "कशी आहेस" असं कधी विचारत नाहीत. मार्च महिना लागतो, एक दिवस दुपारी फोन वाजतो आणि ते म्हणतात, "कढई चढली." एवढंच. मागे कोणीतरी पाल्याचा भारा धपकन टाकतं, एखादी बाई कुणाला तरी हाक मारते, आणि "ठिवतो" म्हणून माझे वडील फोन ठेवूनही देतात. कुरुंद्याच्या शिवारात हळद शिजायला लागली ही बातमी लेकीला कळवली की त्यांचं काम झालं.

इकडे बंगलोरला माझ्या टेबलावर त्या वेळी टर्बाइनच्या पात्याचा लाकडी नमुना पडलेला असतो. खिडक्या बंद, यंत्राची थंड हवा चालू. तरी माझ्या नाकात तो वास भरतो. शिजत्या हळदीचा वास मसाल्याच्या डब्यातल्या हळदीसारखा नसतो. त्यात ओली माती असते, धूर असतो, उकडलेल्या पाल्याचा उग्रपणा असतो, आणि सगळ्याच्या मागे कुठेतरी कापरासारखं काहीतरी. मी उठून पाणी पिऊन येते. त्या दिवशी माझं काम जरा कमीच होतं. हाताखालच्या पोरांना हे आता ठाऊक झालंय. मॅडमकडे हळद आली, असं ती आपसात म्हणतात.

आमच्याकडे हळदीचा आणि परीक्षेचा हंगाम एकदमच येतो. हे ज्यानं कोणी ठरवलं त्याला वसमत तालुक्यातल्या पोरांची काडीची दया नसावी. माझ्या शाळेच्या सगळ्या पुस्तकांच्या कडेला पिवळे अंगठे उमटलेले आहेत. पाला कापून झाला की रान उघडं पडायचं. कुदळीखाली ढेकळांसकट हळद वर यायची आणि बायका घोळक्यानं बसून माती झटकत तिची मोडणी करायच्या. मधला गड्डा वेगळा, बोटांसारखी हळकुंडं वेगळी. मग कढई. खाली जाळ हळदीच्याच वाळल्या पाल्याचा, वर झाकणही त्याच पाल्याचं, त्यावर गोणपाट. हे पीक दुसऱ्या कोणाचे उपकार घ्यायला फारसं राजी नसतं. कडेनं फेस यायला लागला की अण्णा एक हळकुंड काढून त्यात काडी टोचून बघायचे. काडी अलगद गेली की कढई उतरायची. पुढे ती खळ्यावर पसरायची, उन्हात वाळून खडखडीत व्हायची, आणि शेवटी जाळीच्या ड्रममध्ये घालून गरागरा फिरवली की तिला झळाळी यायची. त्या ड्रमचा खडखडाट शिवारात घुमायला लागला, म्हणजे आमचा गणिताचा पेपर होऊन गेलेला असायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये निम्म्या पोरांचे तळहात पिवळे असायचे, आणि पर्यवेक्षकांनाही त्याचं काही वाटायचं नाही.

माझं आताचं काम काय, हे गावाकडे गेले की दर खेपेला समजावून सांगावं लागतं. मी सांगते, विमानाच्या इंजिनात किंवा वीज तयार करणाऱ्या गॅस टर्बाइनमध्ये पाती असतात. त्यांच्यावरून इतका तापलेला वायू वाहतो की पातं नुसतं तसंच ठेवलं तर त्याचा धातू टिकायचा नाही. म्हणून पातं आतून पोकळ करतात आणि त्या पोकळीतून त्यामानानं थंड हवा सोडतात. पण नुसती हवा सोडून भागत नाही. भिंत गुळगुळीत असली आणि हवा शहाण्या मुलासारखी सरळ निघाली, की भिंतीला चिकटून तिचाच एक पातळ, आळशी थर बसतो. तो स्वतः तापतो, जागचा फारसा हलत नाही, आणि मधल्या थंड हवेला भिंतीपर्यंत पोचू देत नाही. म्हणून आतल्या भिंतीवर मुद्दाम आडव्या पट्ट्या ठेवतात. हवा त्यांना ठेचकाळते, उसळते, तिची गिरकी होते, आणि त्या गोंधळात मधली थंड हवा भिंतीला भिडून उष्णता उचलून नेते. बशीतल्या चहावर आपण फुंकर घालतो तेव्हा काय होतं, ते आठवा. ह्या गोंधळाला आम्ही टर्ब्युलन्स म्हणतो. गंमत अशी की हाच गोंधळ पात्याच्या बाहेरच्या अंगाला फार झाला तर तो वैरी. तापलेल्या वायूत जितकी खळबळ, तितकी जास्त उष्णता पात्यात घुसते. आत पाहिजे आणि बाहेर नको, ह्या एवढ्या गोष्टीवर माझा संसार चाललाय.

अण्णांनी एकदा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे इंजनाला ताप चढू न्हाई म्हणून तू तिथं बसलीस." इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं, म्हणून मी तेच सगळ्यांना सांगत सुटले.

हे काम माझ्या वाट्याला आलं ते एका हळदीच्या हंगामामुळे. हिंगोली जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. लोक सवयीनं अजून पत्त्यात परभणीच लिहायचे. मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, मेकॅनिकलच्या वर्गात एकटी मुलगी. प्रोजेक्टला मी हाच विषय घेतला होता. एक लांब लाकडी पेटी, वरून काच, तळाला पातळ पत्रा, पत्र्याखाली तापणारी तार. पत्र्यावर आडव्या पट्ट्या बसवलेल्या, आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेत खालून चिकटवलेली थर्मोकपल, म्हणजे तापमान सांगणाऱ्या बारीक तारा. पेटीच्या एका टोकाला लोहाराच्या भट्टीला लावतात तसला ब्लोअर. हवेचा दाब बघायला काचेच्या वाकड्या नळीत रंगीत पाणी. ते कशानं रंगवलं होतं, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

पेटी तयार झाली आणि घरून निरोप आला. कढईतून हळद काढताना उकळतं पाणी मायच्या पायावर सांडलं होतं. मी मिळेल ती एसटी धरली. वसमतच्या डॉक्टरांनी पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळला आणि तो जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं. ऐन हंगाम, मोडणीला बायका आलेल्या, त्यांचा चहा, घरचा स्वयंपाक, खळ्यावरची हळद खालीवर करणं. घरात आम्ही तिघंच. अण्णा कढईपाशी आणि माय बाजेवर म्हटल्यावर उरलं कोण?

मी नांदेडला जाऊन प्रोजेक्टच्या सरांना सांगितलं. प्रयोगाची मोजणी वेळेत झाली नाही तर माझं वर्ष जाणार, हे दोघांनाही माहीत होतं. सरांनी खिडकीबाहेर बघितलं, मग पेटीकडे बघितलं आणि म्हणाले, "लाकडाचीच आहे ना? घेऊन जा. गावात वीज आहे ना?" मी "आहे" म्हणाले. दोन हजारच्या आसपास मराठवाड्यात राहून इतक्या ठामपणे असं बोलणं हे धाडसच होतं.

पेटी टेम्पोतून आखाड्यावर आली. आखाडा म्हणजे शेतातलं आमचं घर, गोठा आणि पुढचं अंगण. पत्र्याच्या छपराखाली मी ती मांडली. जवळच निंबाखाली मायची बाज. पाय उशीवर ठेवलेला, डोक्यावरून पदर, आणि नजर सतत माझ्यावर. माय तशी बसून राहणाऱ्यातली नव्हतीच. तिला बाजेवर पडून दुसऱ्यांना राबताना बघायची शिक्षा झाली होती आणि भाजल्या पायापेक्षा ती जास्त झोंबत होती. मोडणीला आलेल्या प्रत्येक बाईला ती सांगायची, "माझ्या पायानं पोरीचं वरीस जाऊन राहिलं, बाई." मी ऐकू न आल्यासारखं करायची. रात्री भाकरी वाढताना तेच, सकाळी वेणी घालताना तेच. एकदा मी वैतागून म्हटलं, "माय, अजून गेलं नाही वर्ष." ती म्हणाली, "जाईल ना."

आणि ती म्हणत होती ते खरं व्हायची लक्षणं दिसायला लागली. माझ्या प्रयोगाला एकच गोष्ट लागत होती, स्थिरपणा. तार तापवायची, हवा सोडायची आणि पत्रा एका तापमानाला येऊन थांबेपर्यंत वाट बघायची. तो थांबला की मग मोजायचं. पण सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्या शिवाराच्या टोकापर्यंत येता येता दमून जायचं, म्हणून सगळी भिस्त विहिरींवर, आणि सगळ्या विहिरींच्या मोटारी आणि आमचा आखाडा एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. कोणाची मोटार चालू झाली की दिवा डोळे मिटायचा, ब्लोअरचा आवाज खाली यायचा, तार निवायची. पत्रा पुन्हा हलायचा. तो सावरेपर्यंत दुसऱ्याची मोटार. चार-पाच दिवसांत माझ्या हाती भरवशाचं एकही मोजमाप लागलं नाही.

आमच्या बांधाला लागून परसरामकाकांचं रान होतं. काका पलीकडच्या तांड्यावरचे. त्यांच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातलेला, आणि काकांनी मात्र दोन एकरांच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही असं ठरवलेलं. त्यांनी त्या वर्षी उन्हाळी भुईमूग केला होता. एका दुपारी ते बांध ओलांडून आले आणि पेटीसमोर उकिडवे बसले.

"काय गं बेटा, हा पंखा काहून असा रडून राहिला? मधीच मोठ्यानं, मधीच बारीक."

"मोटारी चालू झाल्या की लाईट उतरते, काका. हा पत्रा एका जागी तापून थांबावा लागतो. थांबायला आला की कोणाची तरी मोटार चालू होते. मग सगळं पहिल्यापासून."

"आन हे न्हाई झालं तर?"

बाजेवरून मायनंच उत्तर दिलं, "तर तिचं वरीस जाईल. माझ्या पायानं."

काकांनी पेटीकडे बघितलं. "किती येळ बंद ठिवाव्या लागतेल मोटारी?"

"दुपारची जेवणं झाली की दोन-अडीच तास. पण काका, तुमच्या भुईमुगाला आत्ताच पाणी पाहिजे."

"भुईमूग काय, कुठं पळून चालला व्हय? तू तकलीफ घेऊ नको. मी बोलतो सगळ्याइला."

ते खरोखर बोलले. ह्या विहिरीवरून त्या विहिरीवर, चपला फटफटवत. त्यांनी लोकांना काय सांगितलं ते मला कधीच नीट कळलं नाही. एकाला म्हणे त्यांनी सांगितलं की पोरगी विमानाचं इंजिन करून राहिली, आणि दुसऱ्याला सांगितलं की तिच्या मायचा पाय भाजलाय. कोणाला काय पटलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि शिवारातल्या मोटारी एकेक करून गप्प व्हायला लागल्या. आधी लांबची, मग ओढ्याकाठची, मग आमच्या मागची, आणि सगळ्यात शेवटी काकांची. पाटातलं पाणी वाहायचं थांबलं. मोडणीच्या बायकांची बोलणी एकाएकी मोठी ऐकू यायला लागली, म्हणून त्यांनीही आवाज उतरवला. निंबावरचा होला ऐकू आला. माझ्या ब्लोअरनं एक सूर धरला आणि तो सोडलाच नाही.

मी त्या पेटीसमोर बसून रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, पिकं तहानलेली असताना, माणसं हात बांधून झाडाखाली बसली होती. एका पोरीचा पत्रा नीट तापावा म्हणून. त्यातल्या निम्म्यांची तोंडंही मला ओळखू आली नसती. काकांच्या भुईमुगाच्या टोकाकडच्या ओळी त्या हंगामात पिवळ्या पडल्या. मी एकदा तिकडे बघत उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "ती जमीनच तशी हाय." ती जमीन तशी नव्हती. आधीच्या वर्षी मी तिथूनच हरभऱ्याचे टहाळे उपटून खाल्ले होते.

मोजमापं यायला लागली आणि नवीन कटकट सुरू झाली. दोन पट्ट्यांच्या मधे मी तीन ठिकाणी तापमान बघत होते. त्यातलं मधलं ठिकाण शेजारच्या दोघांपेक्षा सतत गार दाखवायचं. पुन्हा पुन्हा करून बघितलं, तेच. कुरुंद्याच्या एसटीडी बूथवरून सरांना फोन केला. सर म्हणाले, "एक तर थर्मोकपलची तार सुटली आहे, नाहीतर तिथे खरंच काहीतरी आहे. कोणतं ते तुला दाखवावं लागेल. नुसतं म्हणून चालणार नाही. तार सुटली असेल तर सगळंच संशयात." दाखवायचं कसं? हवा काही डोळ्यांना दिसत नाही. तार उचकटून पुन्हा बसवायची तर सगळी मोजणी नव्यानं करायची, आणि सगळ्या शिवाराकडे आणखी दुपारी मागायचं तोंड मला नव्हतं. पिकं ताण धरायला लागली होती. शेवटची एक दुपार ठरली होती, तेवढ्यात एकदा बघायचं आणि पेटी आवरायची.

त्याच सकाळी हळदीच्या पॉलिशला सुरुवात होती. आमच्याकडे हंगामात जे जे म्हणून राबतं त्याला हळदकुंकू लागतं. कढईला, ड्रमला, वजनाच्या काट्याला. हंगामाच्या सुरुवातीला कढईच्या पूजेला माय तापामुळे उठू शकली नव्हती आणि पुढे पाय भाजला तो त्यामुळेच अशी तिची खात्री होती. म्हणून ड्रमच्या पूजेला ती काठी टेकत, एका पायावर उठली. मी चुलीपाशी होते. ड्रम झाला, काटा झाला, आणि मग तिची नजर छपराखाली गेली. माझी पेटी एवढे दिवस राबत होती आणि तिला साधं बोटही लागलं नव्हतं.

पत्र्यावर कोरडी हळद धरत नाही म्हणून तिनं ती करडीच्या तेलात कालवली, कुंकूही तसंच. दोन बायकांकडून काच उचलून घेतली. आत बघितलं तर आडव्या पट्ट्या ओळीनं मांडलेल्या, एकामागे एक उंबरे असावेत तशा. उंबऱ्याची पूजा कशी करतात ते तिला शिकवायला नको होतं. प्रत्येक पट्टीवर बोटं ओढली आणि प्रत्येक पट्टीच्या मागेपुढे पत्र्यावर ठिपके दिले. एकही पट्टी सोडली नाही. एकीला लावायचं आणि दुसरीला नाही हे तिच्या स्वभावात नव्हतं. मग काच जागच्या जागी बसवली, कडेची चिकटपट्टी दाबली आणि वर मी टाकत असे तसं गोणपाट टाकून दिलं.

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. जेवणं झाली, मोटारी गप्प झाल्या, मी ब्लोअर चालू केला, तार तापवली आणि बसून राहिले. शेवटची मोजणी झाली. मधलं ठिकाण नेहमीसारखंच गार. ब्लोअर बंद करून मी गोणपाट ओढलं आणि काचेखाली पिवळं-तांबडं दिसलं.

क्षणभर मला वाटलं कोणीतरी मुद्दाम केलं. मग मागून मायचा आवाज आला. "मी लावली. ड्रमला लावलं, काट्याला लावलं, मंग हिला काहून उपाशी ठिवायचं?" आणि माझं तोंड बघून तिचा आवाज फुटला. "काय झालं? बिघडलं का गं? सांग ना, बिघडलं का?" मी पेटीवर आणखी वाकले. तिनं ते हो असं धरलं. बाजेची कड धरून ती खाली बसली. "आधी पायानं खाल्लं तुझं वरीस, आता हातानं," एवढंच म्हणत राहिली. अण्णा ड्रम सोडून धावत आले.

मी अजून पेटीतच बघत होते. हवा डावीकडून उजवीकडे सोडली होती. तेलातली हळद ओघळून उजवीकडेच जायला पाहिजे. पट्टीपासून जरा दूरचे ठिपके तसे गेलेही होते, लांब लांब शेपट्या काढून. पण पट्टीला लागून, तिच्या पाठीशी असलेले ठिपके उलटे गेले होते. वाऱ्याच्या विरुद्ध, पट्टीकडे, जणू मागे काही विसरलं होतं. आणि उलट्या-सुलट्या ओघळांच्या मधोमध, प्रत्येक दोन पट्ट्यांमधे, एक स्वच्छ रेघ. तिथून हळद दोन्ही बाजूंना पांगलेली. पट्टीवरून उडी मारून हवा जिथे पुन्हा पत्र्यावर आदळत होती, ती ही जागा. तिथून थोडी मागे वळून गिरकी घेत होती, उरलेली पुढे जात होती. जिथे ती आदळते तिथे पत्रा सगळ्यात गार राहणार, राहायलाच पाहिजे. मी खालून बघितलं. माझी ती संशयातली तार बरोबर त्या रेघेखाली होती.

"माय," मी म्हटलं, "बिघडलं नाही. दिसलं."

तिनं मान हलवली. आपल्या लेकरानं आपलं मन राखायला काहीतरी बोलावं आणि आपण ते समजून घ्यावं, तशी. अण्णांनी डोळ्यांनी मला विचारलं, आणि मी हसत होते ते बघून ते ड्रमकडे परत गेले. शिवारात मोटारी चालू व्हायला लागल्या होत्या, एकेक करून.

तो पत्रा मी पट्ट्यांसकट काढला आणि धोतराच्या फडक्यात बांधून मांडीवर घेऊन नांदेडला नेला. सरांनी तो टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "तेलाची पद्धत तू कुठे वाचलीस?" मी सांगितलं, मायनं पूजा केली. सर आधी हसले आणि मग त्यांनी वर्गातल्या सगळ्यांना बोलावून तो पत्रा दाखवला. तार सुटलेली नव्हती हे मान्य झालं. वर्ष गेलं नाही. पुढच्या शिक्षणासाठी मुलाखतीला गेले तेव्हा त्या पत्र्याचा फोटो मी सोबत नेला होता, आणि समोरच्या मंडळींनी बाकी काही फारसं विचारलंच नाही.

मायला हे मी किती वेळा सांगितलं असेल. पत्र लिहून, फोनवर, दिवाळीला घरी गेल्यावर भाकरी थापता थापता. ती म्हणायची, "बरं." तिचा पाय बरा झाला, पायावर फिकट गुलाबी डाग तेवढा राहिला. मनातला डाग गेला नाही. पोरगी हुशार म्हणून तरली, नाहीतर आपण तिचं वाटोळंच केलं होतं, असं तिनं पक्कं धरलं होतं. पाहुण्यांत माझं कौतुक निघालं की ती उठून आत जायची. ज्या बाईमुळे मी इथवर आले तीच बाई माझं नाव निघालं की मान खाली घालते, ह्यानं माझा जीव तुटायचा. पण हवा कशी वाहते हे तिला शब्दांनी कसं पटवणार? मला स्वतःलाही ते शब्दांनी पटलं नव्हतं.

मधली वर्षं अशीच गेली. गावात कढया कमी झाल्या, वाफेवर हळद शिजवणारे पिंपांचे कुकर आले. अण्णा अजून कढईच म्हणतात. काकांनी भुईमूग सोडून हळद लावली. मी गेले की ते विचारतात, "पंखा आता रडत न्हाई ना, बेटा?" आमच्या प्रयोगशाळेतला ब्लोअर खोलीएवढा आहे आणि त्याला स्वतःची वेगळी वीज आहे. तरी तो चालू करण्याआधी मी थोडी थांबते. का, ते मला कोणी विचारलेलं नाही. मी मोटारी गप्प व्हायची वाट बघते.

मागच्या वर्षी हंगामाच्या शेवटी शेवटी अण्णांनी मायला बंगलोरच्या गाडीत बसवून दिलं. पाच-सहा दिवस ती घर आवरत बसली. मग मी तिला म्हटलं, चल, मी दिवसभर काय करते ते बघ. ती नवं लुगडं नेसून, पावलं जपून टाकत प्रयोगशाळेत आली. एका टेबलाशी आमची एक तमिळ पोरगी वाकून काम करत होती. समोर आडव्या पट्ट्यांचा पत्रा. हातात बारीक कुंचला, वाटीत तेलात कालवलेला रंग. ती प्रत्येक पट्टीवर आणि पट्टीच्या मागेपुढे ठिपके देत होती, एकही पट्टी न सोडता.

माय थांबली.

"ही काय करून राहिली?"

"हवा कुठून कशी जाते ते बघायचंय. म्हणून लावतेय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. सगळ्या जगात असंच करतात, माय."

पत्रा नळीत बसवला गेला, हवा सोडली, आणि ती काचेला नाक लावून उभी राहिली. ठिपके आधी थरथरले. मग लांबचे पुढे सरकले आणि पट्टीच्या पाठीशी असलेले हळूहळू उलटे, वाऱ्याविरुद्ध, पट्टीकडे जायला लागले. मधे ती रेघ उघडी पडत गेली. माय ते शेवटपर्यंत बघत राहिली. त्या पोरीनं तिला खुर्ची दिली, तिनं ती घेतली नाही.

"मंग तवा तू खरंच बोलली व्हतीस," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मला फोन लावून दे."

मी अण्णांना फोन लावून तिच्या हातात दिला. ती त्या मोठ्या ब्लोअरच्या बाजूला पाठ ताठ करून उभी राहिली, पदर खांद्यावरून घेतला आणि म्हणाली, "आवो, ऐकलं का, माझ्या हातानं पोरीचं काई बिघडलं न्हवतं." पलीकडून ड्रमचा खडखडाट येत होता. अण्णांना नीट ऐकू गेलं नसावं, कारण मायनं तेच पुन्हा एकदा, सगळी प्रयोगशाळा वळून बघेल इतक्या मोठ्यानं सांगितलं.